टोकाचे दोन व्हॉल्व्ह

मास्तर,

आजकाल माझ्याकडे लोक आवाज कमी करून घ्यायला येतात. तुम्ही असतात तर एकेकाला पायरीवरूनच परत पाठवलं असतंत. बाहेरून मागवलेले गिटारचे ॲम्प, चार-चार मोठ्या व्हॉल्व्हचे, मैदानात वाजवायच्या लायकीचे, आणि मालक राहतो डोंबिवलीला बाराव्या मजल्यावर. भिंतीपलीकडे कुणाचं तान्हं मूल, खाली सोसायटीचा सेक्रेटरी. नॉब एकच्या पुढे नेता येत नाही. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प एकवर वाजवण्यात काही अर्थ नाही, हे तुमचंच म्हणणं. तो घाम आल्याशिवाय गात नाही, म्हणायचात. पुरता कामाला लागला, थोडा दमला, की मग त्याच्या सुराला जरा फाटल्यासारखा गोडवा येतो. तो गोडवा या मुलांना घरातल्या घरात हवा असतो. म्हणून ती म्हणतात, काका, याची ताकद कमी करून द्या, म्हणजे लहान आवाजातही तो दमेल. दमवायचं म्हणून ताकद कमी करायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलेलं. आता येत नाही. सकाळी गाळ्याचं शटर वर ढकलताना माझ्यातलेही दोन व्हॉल्व्ह कुणी काढून नेलेत की काय असं वाटतं.

परवा असाच एक ॲम्प परत आला. त्याच्यामुळे हे लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तेव्हा पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. टाकायचंच नाही. पण त्या ॲम्पचं सांगायचं तर आधी मागचं सांगावं लागेल, आणि मागचं तुम्हाला माहीत होतं की नाही हेच मला आजवर कळलेलं नाही. म्हणून सगळंच लिहितो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. गावच्या शाळेत दहावी, तालुक्याला आयटीआय, मग दोन-तीन ठिकाणी पंखे आणि मिक्सर. कोपरीत कुणीतरी तुमचं दुकान दाखवलं. तुम्ही विचारलंत, रेडिओ-टीव्ही सोडून इकडे कशाला? मी सांगितलं की गावात जयंतीला तालुक्याहून भाड्याने ॲम्प यायचा. स्टेजवर गायनपार्टी काय गाते याकडे माझं लक्ष नसायचं. मी मागे जाऊन त्या पेटीच्या जाळीतून आत बघत बसायचो. आत व्हॉल्व्हच्या काचेत चार निखारे जळत असायचे, विहारातल्या मेणबत्त्यांसारखे, पण वाऱ्याने न हलणारे. एवढ्या शांत दिव्यांतून एवढा आवाज येतो तरी कसा, याचं मला नवल वाटायचं. हे ऐकून तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "शांत नसतात ते. साडेचारशे व्होल्ट असतात आत. बघायला फक्त शांत."

तुमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्या पहिल्या दिवशी मी दुपारी पाणी मागितलं तर काकू आतून म्हणाल्या, "मी काय दर वेळी उठू? माठ तिथे आहे, घे की ओतून." त्यांच्या दृष्टीने ते कामाच्या घाईतलं बोलणं होतं. पुढे गावी गेलो तेव्हा मी ते आईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. मग म्हणाली, "त्यांच्याशी कधी खोटं वागू नको." आई एवढंच म्हणालेली.

ट्रान्सफॉर्मर तुम्ही विकत आणत नव्हतात, स्वतः गुंडाळायचात. हाताने फिरवायचं ते यंत्र, त्याला शंभरापर्यंत वेढे मोजणारी पितळी चाकं, आणि दर थरानंतर तुम्ही कात्रीने कापलेली कागदाची पट्टी. गुंडाळून झालं की वार्निशमध्ये बुडवायचं आणि सुकायला स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूला ठेवायचं, कारण पुढच्या खोलीच्या भिंतींना ओल होती. त्यावरून तुमचं आणि काकूंचं दर वेळी तेच. "पोह्यांना तुमच्या वार्निशचा वास लागतो." "मग कांदा जास्त घाल." "कांदा घालते. आणि उद्या ह्या पोराच्या ताटात ट्रान्सफॉर्मर वाढते, फोडणी देऊन." अजूनही वार्निशचा डबा उघडला की मला पोह्यांची भूक लागते. मुलगी हसते मला. माझी थोरली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि तीन वर्षांपूर्वी नोकरीचा नाद सोडून कल्याणच्या गाळ्यात माझ्या शेजारी बसली. तुमचं यंत्र आता तीच फिरवते. माझ्यापेक्षा तिचे वेढे सरळ येतात.

तुमचा मार मी एकदाच खाल्ला, आणि तो मार म्हणण्यासारखाही नव्हता. चालू ॲम्पच्या पोटात काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे वीज एका हाताने शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडणार नाही, हा तुमचा पहिला नियम. तिसऱ्या आठवड्यात मी विसरलो. तुम्ही मागून येऊन माझा डावा हात मनगटाला धरून पिरगाळलात, खिशात कोंबलात, आणि संध्याकाळपर्यंत बोलला नाहीत. मी निघालो तेव्हा म्हणालात, "तुझ्या आईला मी काय सांगणार होतो?" अजूनही मी बँकेच्या रांगेत उभा असलो तरी डावा हात आपोआप खिशात जातो.

शिकवताना तुम्ही समोरच्याच्या घरातली वस्तू घ्यायचात. मला म्हणालात, "गावचा ना तू? जात्यावर समोरासमोर दोघी बसतात. एक ओढते तेव्हा दुसरी सैल सोडते, दुसरी ओढते तेव्हा पहिली. खुंटा एकच. तसंच हे. व्हॉल्व्ह समोरासमोर, आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर म्हणजे जातं. चार व्हॉल्व्ह म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन बायका." मी विचारलं, चारातल्या दोघी उठल्या तर? "उठू देत. पण दोन्हीकडची एकेक उठली पाहिजे. आणि दळण निम्मं करायचं." ट्रान्सफॉर्मरच्या मागे स्पीकरसाठी चार, आठ आणि सोळा अशा खुणांचे स्क्रू असायचे. आठचा स्पीकर उचलून चारच्या स्क्रूवर लावायचा, की झालं दळण निम्मं. उरलेल्या दोघींवर भार येत नाही, जातं बिघडत नाही, ताकद निम्मी होते. मी आणखी विचारलं, आणि एकाच बाजूच्या दोघी उठल्या तर? तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "असं कोण करेल?"

तुमचे कान कधी गेले ते कुणाला सांगता आलं नसतं. मी आलो तेव्हा तुम्ही दोन व्हॉल्व्हचे ॲम्प बांधत होतात, ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी, एखाद्या चर्चच्या गिटारवाल्यासाठी. गोड ॲम्प होते ते. मग हळूहळू तुम्ही चारावर गेलात. दोनाचा आवाज तुम्हाला पोचेना. म्हणायचात, "जीव नाही यात." तपासताना स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकवायला लागलात आणि भिंतीवरचं कॅलेंडर हलेपर्यंत नॉब फिरवायला. काकू कुकर लावला की मला आतून हाक मारून शिट्ट्या मोजायला सांगायच्या. तुम्ही शेगडीला पाठ लावून बसलेले असायचात, पण सांगायच्या मला. यावर घरात कुणी काही बोलत नव्हतं.

गिऱ्हाइकं मला जिन्यात गाठायची. तो ऑर्केस्ट्रातला गिटारवाला, कुरळ्या केसांचा, नेहमी पान खाणारा, तो म्हणाला, "अरे, सांग ना मास्तरांना. दोनवर ठेवला की ड्रमवाला शिव्या घालतो. माझी गिटार आहे, रेल्वेचा भोंगा नाही." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. "मी? मागच्या वेळी सांगितलं तर म्हणाले, आधी कान तपासून ये." आणि तो गेल्यावर तुम्ही मला म्हणायचात, "याला ॲम्प नकोय, ट्रान्झिस्टर पाहिजे."

मग मी उपाय काढला. तुम्ही ॲम्प पास केलात की बांधाबांध माझ्याकडे असायची. व्हॉल्व्हवरच्या जाळीला चार स्क्रू. ते काढायचे, टोकाचे दोन व्हॉल्व्ह उपसायचे, मागची तार चारावर घ्यायची, जाळी परत लावायची. पाच मिनिटांचं काम. तुमच्या ॲम्पमध्ये डावीकडचे दोन एका बाजूचे आणि उजवीकडचे दोन दुसऱ्या बाजूचे, म्हणजे दोन्ही टोकांचे काढले की दोन्हीकडचा एकेक गेला. काढलेले दोन वर्तमानपत्रात गुंडाळून मी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो आणि सांगायचो, मास्तरांना बोलू नका. तीन वर्षं हे चाललं. तक्रारी थांबल्या. तुम्ही खूश. "बघ, चार व्हॉल्व्ह म्हणजे चार व्हॉल्व्ह. आता कुणी कुरकुरतं का?" मी मान हलवायचो. मला तेव्हा खरंच वाटायचं की ही माझी तुमच्यावरची माया आहे. सकाळी वंदना घेताना पाच शीलं म्हणायचो, खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं, आणि ते म्हणताना मला काही टोचायचं नाही. कारण मी तोंडाने काही बोललोच नव्हतो.

त्या गिटारवाल्याचा नवा ॲम्प तुम्ही दोन महिने बांधत होतात. त्यात थोडी गुणगुण येत होती, म्हणून तारा आखूड ठेवायला तुम्ही जागा बदलल्या. एका बाजूचे दोन व्हॉल्व्ह दोन टोकांना, दुसऱ्या बाजूचे दोन मध्ये. हे तुम्ही मला सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेन. ज्या दिवशी तो न्यायचा होता त्या दिवशी तुम्ही कोपऱ्यावर दाढीला गेलेलात, खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता, गिटारवाला डोळ्यांनीच मला विचारत होता, केलंस का. मी जाळी काढली आणि सवयीने टोकाचे दोन उपसले. पत्र्याची चासी उलटी करून खालच्या तारा बघायला पाहिजे होत्या. बघितल्या नाहीत. एकवर लावून त्याने एक तार छेडली, बरी वाजली. हळू आवाजात एका बाजूनेही जातं फिरतं, मास्तर. भार पडला की कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ॲम्प घेऊन परत आला. तुम्ही आत पूजेला बसलेलात. तो उंबऱ्यावर टेकला, आणि ओरडायला पाहिजे होतं तर दमल्यासारखा बोलला. "खोपटच्या हॉलमध्ये होता प्रोग्राम. पहिल्या गाण्याला ठीक. दुसऱ्याला वाढवला तर घोरायला लागला. तिसऱ्याला धूर. लोक हसले रे. निवेदक माइकवर म्हणाला, आमच्या गिटारला उदबत्ती लावली आहे." मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाला, "वय झालं मास्तरांचं. हात गेला."

मी जाळी काढली आणि खाली बघितलं. एका नजरेत कळलं, मी एकाच बाजूचे दोन्ही उपसले होते. मी त्याच्याकडे काल दिलेली पुडी मागितली. ती त्याच्या गिटारच्या पिशवीतच होती. मी ते दोन व्हॉल्व्ह टोकाच्या दोन भोकांत परत बसवले, मागची तार आठावर घेतली, जाळी लावली, चारही स्क्रू घट्ट केले. आतून तुमची घंटा ऐकू येत होती. गिटारवाला माझ्या हातांकडे बघत होता, काही बोलला नाही. त्यालाही तो आवाज कमी करूनच हवा होता. तुम्ही टॉवेलला हात पुसत बाहेर आलात तेव्हा ॲम्पमध्ये चार व्हॉल्व्ह होते आणि जळालेला ट्रान्सफॉर्मर होता.

आता जे लिहितोय ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्ही व्हॉल्व्हना काकूंच्या नेलपॉलिशचे ठिपके लावायचात. पहिल्याला एक, चौथ्याला चार, जोड्या चुकू नयेत म्हणून. तुम्ही जाळी काढलीत, पहिल्या भोकातला व्हॉल्व्ह उपसलात आणि खिडकीकडे धरून फिरवलात. त्याच्यावर चार ठिपके होते. घाईत मी अदलाबदल केली होती. मी तुमच्या खांद्यामागे उभा होतो, मला ते चार ठिपके तिथूनच दिसले. तुम्ही तो अंगठ्याने पुसलात, वर्तमानपत्रावर ठेवलात आणि काही बोलला नाहीत. तुम्हाला दिसलं की नाही? तुमचे डोळे चांगले होते. फक्त कान गेले होते.

पुढचे दोन दिवस तुम्ही तो जळका ट्रान्सफॉर्मर थर-थर उलगडत बसलात. कोळसा झालेला कागद पट्टी-पट्टीने काढून बाजूला ठेवत होतात. काकू दोनदा जेवायला बोलावून गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणालात, "कागद मीच कमी घातला असेल. हात राहिला नाही आता पहिल्यासारखा." मी समोर बसलो होतो. सांगायला ती जागा बरोबर होती. मी चिमटा उचलून पेटीत ठेवला.

त्यानंतर तुम्ही ॲम्प बांधला नाहीत. स्पीकरचे कोन चिकटवणं, माइकच्या वायरी, बारीकसारीक. काही महिन्यांनी एका दुपारी तुम्ही गुंडाळायचं यंत्र त्याच्या लाकडी खोक्यात घालून माझ्या मांडीवर ठेवलंत. "घेऊन जा. माझ्याकडून आता नीट होत नाही, उगाच दुसऱ्याची फजिती." जड होतं ते. घरी पोचेपर्यंत मी तीन वेळा खाली ठेवलं. लोक मला विचारतात, काका, हे कुठून मिळालं? मी सांगतो, माझ्या मास्तरांनी दिलं. एवढं खरं आहे.

शेवटी दवाखान्यात, मधल्या वॉर्डात, मी दुपारचा तुमच्यापाशी बसायचो, म्हणजे काकूंना घरी जाऊन टेकता यायचं. एकदा तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "तो ट्रान्सफॉर्मर का गेला असेल रे?" दोन वर्षं होऊन गेलेली त्या गोष्टीला. मी म्हटलं, तार जुनी असेल, मास्तर. तुम्हाला ऐकू गेलं नाही. हात कानामागे नेलात. मी वाकून, मोठ्याने, शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघेल इतक्या मोठ्याने पुन्हा सांगितलं, "तार जुनी असेल." एकच खोटं मला दोनदा बोलावं लागलं. तुम्ही मान हलवलीत. "असेल," म्हणालात. त्या दिवसापासून चौथं शील आलं की माझी जीभ घाई करते. बायकोच्याही लक्षात आलंय. म्हणते, "तीन नीट म्हणता आणि चौथ्याला गाडी का पळवता?" मी म्हणतो, उशीर होतो गाळ्यावर जायला.

आता परवाचं. डोंबिवलीचा एक मुलगा, कंपनीत कामाला आहे, तीन महिन्यांपूर्वी चार व्हॉल्व्हचा ॲम्प घेऊन आलेला. ताकद निम्मी करून द्या म्हणाला. मी दोन काढले, तार बदलली, वाजवून बघितला. जीव वाटला नाही त्यात. परत चारही बसवले आणि त्याला म्हटलं, "तुला ॲम्प नकोय, ट्रान्झिस्टर पाहिजे." बोलून झाल्यावर मला ते शब्द ओळखीचे वाटले, पण मी पुढे विचार केला नाही. परवा तो ॲम्प साध्या कामाला आला, नॉब खरखरतोय म्हणून. मुलगी बाजारात गेलेली. मी जाळी काढली तर आत दोनच व्हॉल्व्ह. आणि मधल्या पत्र्यावर कागदी टेपची पट्टी, तिच्या अक्षरात: "१ आणि ४ काढले. दोन्ही बाजूंचा एकेक, खालून बघून खात्री केली. स्पीकर ४ वर." खाली तारीख.

मी त्या मुलाला फोन लावला. तो गडबडला. "काका, तुम्ही दिलात तेव्हा फारच मोठा होता हो. मी ताईंना म्हटलं. त्यांनी करून दिला. म्हणाल्या, पप्पांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. एकदम मस्त झालाय. नॉब तेवढा..." मी म्हटलं, नॉब होईल.

मग मी बसून राहिलो. घरी टीव्ही मोठा लावतो म्हणून बायको ओरडते, तेव्हा मी म्हणतो टीव्हीचा स्पीकर खराब झालाय. माझ्या कानांचं हे किती दिवस चाललंय ते मला मोजता येईना. कपाटातले गेल्या वर्षीचे, दुरुस्त होऊन नेण्याची वाट बघणारे दोन ॲम्प मी उघडले. दोन्हीत तशीच पट्टी. राग आला नाही. तुम्ही ते चार ठिपके बघितले असतील तर तुम्हाला काय झालं असेल, ते मात्र मला पहिल्यांदाच, बसल्या जागी, कळलं. तो व्हॉल्व्ह अंगठ्याने पुसताना तुम्ही काय करत होतात ते कळलं. मी टेप तशीच ठेवली आणि जाळी लावली.

दोन दिवस मी काही बोललो नाही. वाट बघत होतो म्हणा. आज दुपारी ती यंत्रावर बसलेली, वेढे मोजत. शंभराचा टप्पा झाला तेव्हा मी म्हटलं, "यापुढे शेवटचं ऐकायचं काम तू करायचं. तू पास केलास तरच माल बाहेर."

तिचा हात थांबला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या टेपने."

"रागावलात?"

"नाही."

"मी सांगणार होते, पप्पा. खरंच. रोज वाटायचं आज सांगू."

"माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

मग मी तिला सांगितलं. कोपरीचं दुकान, कॅलेंडर, कुकरच्या शिट्ट्या, टोकाचे दोन व्हॉल्व्ह, घंटा वाजत असताना परत बसवलेले, चार ठिपके. दवाखान्यातलंही सांगितलं. ती यंत्राचा दांडा तसाच धरून ऐकत होती. फक्त सुरुवात मी अशी केली, "आमच्याकडे एक होता कामाला."

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मास्तरांना कळलंच असणार. ठिपके न बघता कोण व्हॉल्व्ह खाली ठेवतं?"

"असेल."

"मग ते बोलले का नाहीत?"

"वाट बघत असतील, तो बोलेल म्हणून."

तिने तारेच्या रिळाचं सुटलेलं टोक गुंडाळून घेतलं. "मूर्ख होता तुमचा माणूस," म्हणाली. "कुठे असतो आता?"

"इथेच. कल्याणला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी काढायची म्हणाली, सोमवारी, ती सोबत येणार आहे. मी बरं म्हटलं. तिने दांडा फिरवायला घेतला आणि कितवं शंभर चाललं होतं ते विसरली म्हणून वैतागली.

आता ती चहा सांगायला गेली आहे आणि मी हे संपवतोय. सोमवारी डॉक्टर विचारतील कधीपासून कमी ऐकू येतं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तिलाच द्यावं लागेल. तुम्हाला सांगायचं होतं ते वर सगळं सांगून झालं, फार उशिरा, आणि अशा माणसाला ज्याला मोठ्याने सांगूनही आता पोचणार नाही. हे पत्र मी तुमच्या यंत्राच्या खोक्यात ठेवणार आहे, तारेच्या रिळांखाली. ते खोकं आता माझ्यापेक्षा तीच जास्त उघडते, आणि मला ते माहीत आहे.